चारशे बारावी ओळ

कानसेनने सांगितलं म्हणून हे सगळं मी आधी बोलले आणि मग ऐकून कागदावर उतरवलं. तो म्हणाला, "तू लिहायला बसलीस की शब्द सजवत बसतेस. माइकसमोर बस आणि जसं घडलं तसं सांगून टाक." कानसेन आमचा ध्वनिमुद्रक. त्याचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलंय. भिंतीपलीकडच्या नळाचा थेंब त्याला ऐकू येतो, समोर उभ्या माणसाची हाक मात्र येत नाही, असा हा प्राणी. तर त्याच्या त्या खोलीत टेबलावरचा छोटा दिवा लावून बसले आणि सुरुवात केली.

मी खेळ लिहिते. म्हणजे कंट्रोलर हातात धरून पडद्यावर खेळायचे ते साहसाचे खेळ. आमच्या नायिकेला सगळे नकाशेवाली म्हणतात. पडके किल्ले, गुहा, पाण्याखाली गेलेली शहरं, जिथली वाट कुणी कागदावर काढलेली नाही तिथे ती जाते आणि नकाशा काढून परत येते. बावीस वर्षांत आठ भाग झाले. पहिला भाग शाळेत असताना खेळलेली मंडळी आता आपल्या मुलांना शेजारी बसवून आठवा खेळतात. तिच्या उड्या, कोसळणारे पूल, पाण्यावरचा उजेड हे दुसऱ्यांचं काम. ती कशी आहे आणि काय बोलते, हे माझं. हे मी मान वर करून सांगते. कुणाला त्यात गर्व दिसला तर दिसू दे.

लोकांना वाटतं, पात्राला स्वभाव द्यायचा म्हणजे त्याच्या तोंडी टाळ्यांची वाक्यं घालायची. मी पहिल्या महिन्यात एक वही केली आणि तिच्यावर लिहिलं, 'ती काय म्हणणार नाही'. त्या वहीत आज त्रेसष्ट नियम आहेत. ती 'मी सांगितलं होतं ना' असं कधी म्हणत नाही. पडलेल्याला हसत नाही. एखादं कुलूप उघडलं नाही तर कुलपाला शिव्या देते, ते बनवणाऱ्याला देत नाही. आठ भागांत चार दिग्दर्शक बदलले, कपडे बदलले, चेहराही दोनदा बदलला. पण डोळे मिटून ऐका, ती तीच आहे. ते त्या वहीमुळे.

आणि बाईंमुळे. बाई म्हणजे नकाशेवालीचा आवाज. पहिल्या भागाच्या वेळी त्या चाळिशीत होत्या, मी तिशीची. त्याआधी रेडिओवर बातम्या वाचायच्या. बुटक्या, जाड चष्मा, गालात कायम एक लवंग. मुलाखत घ्यायला आलेला एकजण त्यांना ओलांडून नकाशेवालीला शोधत पुढे गेला होता.

वहीतला पहिला नियम माझा नाही, त्यांचा आहे. पहिल्या भागात एका प्रसंगात मी लिहिलं होतं, 'सोडा मला, मी हात जोडते.' बाई माइकसमोर उभ्या राहिल्या. कानसेनने हाताने खूण केली. बाईंनी नाकाने एक लांब श्वास घेतला आणि गप्प उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं विसरल्या. पुन्हा खूण केली. पुन्हा श्वास, पुन्हा गप्प. तीन वेळा झालं. वाद नाही, तक्रार नाही, कपाळाला आठीसुद्धा नाही. मग माझी ट्यूब पेटली. मी ओळ खोडली, दुसरी लिहून आत नेली. त्यांनी ती वाचली, हातातल्या पेन्सिलीने स्टँडवर दोनदा टकटक केलं आणि एका दमात बोलून टाकली. त्या दिवशी मी वहीत लिहिलं, 'ती दुसऱ्याच्या जिवासाठी कुणापुढेही हात जोडेल, स्वतःच्या जिवासाठी नाही.'

तेव्हापासून हाच आमचा रिवाज झाला. न पटलेली ओळ आली की बाई गप्प. पटली की दोन टकटक. बावीस वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही, कारण भांडायला समोरच्याने काहीतरी बोलावं लागतं.

तिचं सगळ्यांच्या तोंडी बसलेलं वाक्य तर मी लिहिलेलंच नाही. एकदा कानसेन वायरींच्या गुंत्यात अर्धा तास डोकं घालून बसला होता आणि सारखा माफी मागत होता. बाई आतून म्हणाल्या, "सावकाश कर रे. मला घाई नाही." माइक चालू होता. ते आम्ही तसंच ठेवलं. खेळणाऱ्याने कंट्रोलर बाजूला ठेवला, मिनिटभर काही केलं नाही, की नकाशेवाली जवळच्या दगडावर बसते, नकाशा उघडते आणि म्हणते, "मला घाई नाही." आजारी माणसं, घर सोडून लांब नोकरीला गेलेली माणसं, नुसतं ते वाक्य ऐकायला कंट्रोलर खाली ठेवतात. तशी पत्रं आहेत माझ्याकडे, खोकाभर.

आता कानसेनच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक खोलीला स्वतःची शांतता असते. माणसं गप्प झाली तरी भिंती, दारं, हवा यांचा एक बारीक आवाज उरतो. ओळींमध्ये काटछाट केली की तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते, नाहीतर कान ठेचकाळतो. म्हणून काम सुरू करण्याआधी मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करतात. पहिल्या दिवशी कानसेनने बाईंना बाहेर जायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी इथेच उभी राहते, हलत नाही." त्या मिनिटभरात एकदा, अगदी अस्पष्ट, त्यांचा श्वास आहे. ती जुनी इमारत अकरा वर्षांपूर्वी पाडली. आम्ही या नव्या जागेत आलो. पण कानसेन हट्टाने तीच जुनी शांतता नकाशेवालीच्या प्रत्येक ओळीखाली घालत राहिला. म्हणायचा, "ती कुठल्याही गुहेत असो, बोलते त्याच खोलीतून."

आठवा भाग संपला आणि चार महिन्यांनी बाई गेल्या.

नववा भाग बंद पडेल असं मला वाटलं होतं. पण कंपनी आता धाकट्या साहेबांच्या हातात होती. थोरल्या साहेबांचे हे चिरंजीव, वाईट माणूस नाही, फक्त त्यांना सगळं कालपर्यंत हवं असतं. आवाजासाठी त्यांनी बाईंच्या लेकीला विचारलं आणि ती हो म्हणाली. आवाज हुबेहूब नाही, पण ठेवण तीच. मला लहानपणापासून मावशी म्हणते. मला म्हणाली, "मावशी, घरात आई मला रागवायची ते नकाशेवालीच्याच आवाजात. अर्धे संवाद तर मी मार खाऊन पाठ केलेत."

मग साहेबांनी मला बोलावलं. नवव्या भागाच्या शेवटी नकाशेवाली एका खोल, पाणी चढत चाललेल्या विहिरीत दोराला लटकलेली असते. दोराचं वरचं टोक, तीन भाग तिच्या मागावर असलेल्या माणसाच्या हातात.

"ताई, आठ भाग ती ताठच आहे," साहेब म्हणाले. "आता तिला मोडताना बघायचंय लोकांना. ती रडली पाहिजे. हात जोडले पाहिजेत."

मी नियम सांगितला. ते म्हणाले, "वही तुमची आहे, खेळ कंपनीचा आहे. तुम्हाला जमत नसेल तर नववा भाग मी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतो."

आणि मी मान तुकवली. मनाशी म्हटलं, दुसऱ्या कुणी तिला पार चिखलात लोळवलं असतं, त्यापेक्षा एक ओळ माझ्याच हातून बिघडू दे. स्वतःला समजवायला माणसाला फार अक्कल लागत नाही. ती ओळ झाली चारशे बारावी. 'मला सोडू नकोस, मी पाया पडते, मला वर घे.'

त्या दिवशी सकाळी अकराला मी संवादांची फाइल काखेत मारून स्टुडिओत आले. बाहेर लख्ख ऊन होतं, फाटकापाशी कुणीतरी गाडी धूत होतं. रोजच्यासारखा दिवस. कानसेन, बाईंची लेक आणि मी, तिघंच. चारशे अकरा ओळी आधीच्या आठवड्यांत झाल्या होत्या. पोरगी छान करत होती, मला तिचं कौतुक वाटत होतं. ती आत गेली. त्या खोलीला दोन दारं आहेत, एकापाठोपाठ एक. दुसरं लागलं की कानात आपलंच रक्त वाहताना ऐकू येतं. भिंतींना काळा स्पंज, स्टँडवर एक लहान दिवा, बाकी अंधार. मधल्या काचेतून तिचा चेहरा आणि हात दिसत होते.

तिने ओळ म्हटली. हेडफोनमधून ती माझ्या कानात शिरली आणि मला लाज वाटली, इतकी चांगली म्हटली होती. रिवाजाप्रमाणे तीन वेळा घेतली.

कानसेनने ऐकायला लावली. काहीच नाही.

"बटण दाबलं नसशील," मी म्हटलं.

त्याने बटणाकडे बोट दाखवलं. दुसरी लावली, तिसरी लावली. आवाजाची पट्टी पार वरपर्यंत सरकवली. तिन्हींत सात-सात सेकंद शांतता. तो हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून बसला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"ही इथली शांतता नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"इथे नळ नाही. हिच्यात भिंतीमागे नळ आहे. जुन्या जागेतला… मी बावीस वर्षं ऐकतोय हा. आणि आत्ता मी तो कुठेही लावलेला नाही. हे सरळ माइकमधून आलंय."

पाडलेल्या खोलीची शांतता नव्या खोलीच्या माइकमधून कशी येईल? आम्ही वायर बदलली. माइक बदलला. आधीची चारशे अकरावी ओळ पुन्हा म्हणायला सांगितली, ती स्वच्छ आली. चारशे तेरावी आली. चारशे बारावी म्हटली की सात सेकंद, आणि भिंतीमागे नळ.

सहाव्या वेळी पोरगी दोन्ही दारं ढकलून बाहेर आली. घामाने तिची कपाळावरची बट चिकटली होती.

"मावशी, आत लवंगेचा वास येतोय."

"तुला आईची आठवण येतेय," मी म्हटलं. माझाच आवाज मला पटला नाही.

"आठवण रोजच येते. वास आज आला. आणि… ती ओळ म्हणताना माझ्या उजव्या हाताला कुणीतरी श्वास रोखून धरतं. माझी ओळ संपते. ते धरूनच ठेवतं."

मी घाबरले. पण बावीस वर्षं एका निडर बाईचं बोलणं लिहिल्यावर दोन पोरांसमोर घाबरणं मला शोभलं नसतं. कानसेन साठीचा आहे, पण त्या क्षणी तोही पोरच दिसत होता. मी म्हटलं, "मी जाते."

आतलं दार लागलं. खरंच वास होता. मंद, पण ताजा, आत्ता कुणी लवंग दाताखाली धरावी तसा. मी स्टँडसमोर उभी राहिले. दिव्याच्या वर्तुळात माझा कागद, बाकी सगळा काळोख. काचेपलीकडे कानसेनने हाताने खूण केली. मी चारशे बारावी ओळ वाचली. मोठ्याने, स्पष्ट.

तो माझ्याकडे बघत राहिला.

"बोल ना," हेडफोनमधून त्याचा आवाज आला.

"बोलले की."

"…तुझे ओठ हलले फक्त."

मग मला ऐकू आलं. माझ्या उजवीकडून, खांद्याच्याही खालून, कारण बाई बुटक्या होत्या, नाकाने घेतलेला एक लांब श्वास. पुढे काही नाही. श्वास घेऊन थांबलेलं माणूस किती जवळ जाणवतं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. मान वळवायची छाती झाली नाही माझी. पण खरं सांगते, त्या भीतीतून वर आला तो अभिमान. छाती भरून आली. मी पोटासाठी मान तुकवली होती, हिने नव्हती तुकवली. माझ्या नकाशेवालीसाठी एवढं कुणी उभं राहिलं नसतं, मीसुद्धा राहिले नाही.

"बाई," मी पुटपुटले, "चुकलं माझं."

कानसेन काचेपलीकडे ताठ झाला. ते त्याला ऐकू गेलं होतं.

मी खिशातली पेन्सिल काढली, ओळ खोडली. नवी ओळ एका झटक्यात आली, कारण ती तिथेच होती, मीच तिला दोन महिने दाराबाहेर उभं केलं होतं. विहिरीत लटकलेली बाई दोर धरलेल्या माणसाला काय म्हणेल? मी लिहिलं, 'दोर तुझ्याकडे आहे. इथून बाहेर पडायची वाट फक्त मला माहीत आहे. नीट विचार कर. मला घाई नाही.'

कागद स्टँडवर ठेवला आणि बाहेर आले. लेकीला म्हटलं, "जा. आईशेजारी उभी राहा आणि बोल."

ती आत गेली. हेडफोन निसटू नये म्हणून तिने तो दोन्ही हातांनी धरला होता, हे मी काचेतून बघत होते, नीट बघत होते. खूण झाली. ती बोलायच्या आधी, कोरडी आणि स्पष्ट, स्टँडवर टकटक झाली. दोनदा.

तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. एका दमात ओळ झाली. दुसऱ्यांदा घ्यायची गरज कुणालाच वाटली नाही.

संध्याकाळी साहेब आले. मी सरळ सांगितलं, "ओळ बदलली आहे. ही राहील, नाहीतर दुसरी लेखिका बघा आणि वही मी घरी नेते." बावीस वर्षांत मी कुणाशी इतकं ताठ बोलले नव्हते. त्यांनी ओळ ऐकली. मग कानसेनने, त्यांनी न मागता, आधीची सात सेकंदं लावली. साहेब शाळेत असताना वडिलांच्या जुन्या स्टुडिओत येऊन बसायचे, बाई त्यांना खिशातल्या लवंगा द्यायच्या. सात सेकंद ते हलले नाहीत. मग त्यांनी खिशाला हात लावला, लगेच काढला, आणि दाराकडे बघत म्हणाले, "नवीच ठेवा."

नववा भाग येऊन वर्ष होत आलं. विहिरीतल्या त्या प्रसंगाला लोक जागच्या जागी उभे राहिले म्हणतात. एका बाईने मला लिहिलं, की नोकरीवरून काढायची धमकी देणाऱ्या वरिष्ठाला तिने तेच सांगितलं, 'नीट विचार करा, मला घाई नाही', आणि घरी येऊन मग थरथरली. हे पत्र मी फ्रेम करून लावलंय. माझ्या आयुष्यात मी फार काही केलं नाही, पण एक स्वभाव घडवला आणि तो मोडू दिला नाही. मोडू दिला नाही ते कुणी, हे आता तुम्हाला माहीत आहे.

हे सगळं मी कानसेनच्या खोलीत सलग बोलले. तो पलीकडे बसून ऐकत होता. चाळीसएक मिनिटं झाली. दुसऱ्या दिवशी उतरवून घ्यायला बसले तेव्हा सगळं शब्दन् शब्द होतं, माझं खोकणंसुद्धा. फक्त एका जागी चार सेकंद शांतता आहे. जुन्या खोलीच्या शांततेबद्दल सांगून झाल्यावर आणि नववा भाग सुरू करण्याआधी. भिंतीमागे नळ आहे, आणि नाकाने घेतलेला एक लांब श्वास.

तिथे मी एकच वाक्य बोलले होते. आठवा भाग संपल्यावर चार महिन्यांनी काय झालं, ते. मी ते स्पष्ट बोलले होते, नीट लक्षात आहे.

कानसेनने विचारलं, "परत घ्यायचं का?" मी नको म्हटलं. बाईंना जी ओळ पटत नाही, ती मी पुन्हा त्यांच्यापुढे नेत नाही, हा आमचा रिवाज आहे. वाचणाऱ्याला नीट कळावं एवढ्यासाठी मी ते वाक्य हाताने लिहून त्याच्या जागी घातलं. घरी, माझ्याच टेबलावर, भर दुपारी. लिहून झाल्यावर सवयीने थांबले आणि टकटक ऐकायला कान दिला.

अजून आलेली नाही. लवंगेचा वास मात्र आहे.